मोठ्या मुलाला घडीची स्कूटर घेताय? आधी बिल्डिंगखालची जमीन बघा

तीन चाकांची ती डुलणारी स्कूटर पोरांना सहा-सातव्या वर्षापर्यंत पुरते. पुढे पाय लांब होतात, हँडल मांडीला लागायला लागतं आणि एक दिवस फर्मान निघतं की आता मला मोठी पाहिजे, दोन चाकांची, घडी होणारी, त्या बी विंगमधल्याकडे आहे तश्शी. मग आईबाबा रात्री जेवणं आटोपून मोबाइल घेऊन बसतात आणि अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागतं, कारण दोन-अडीच हजारांची आणि दहा-बारा हजारांची स्कूटर फोटोत सेम टू सेम दिसते, दोन्हींवर 'प्रीमियम' लिहिलेलं, दोन्हींवर 'एअरक्राफ्ट ग्रेड', दोन्हींची चाकं लुकलुकणारी.

मी मेकॅनिकलची, त्यामुळे असल्या वस्तू उलट्या करून बघायची खोड आहे, आणि माझं मत आधीच सांगून टाकते. खोक्यावर मोठ्या अक्षरात जे छापलेलं असतं त्यातल्या निम्म्या गोष्टींचा चालवण्याशी फारसा संबंध नसतो. ज्याच्यावर सगळं ठरतं ते खोक्यावर असूच शकत नाही, ते तुमच्या बिल्डिंगखाली आहे. पोरगं कुठल्या जमिनीवर चालवणार हे आधी बघा, गुळगुळीत काँक्रीट आहे, पेव्हर ब्लॉक आहेत की डांबरी रस्ता. त्यावरून चाक ठरतं आणि चाकावरून बाकी बरंचसं.

ही घडीची स्कूटर मुळात स्वित्झर्लंडची. झुरिकचे विम औबोटर यांना १९९० च्या सुमाराला एका संध्याकाळी स्टर्नेन ग्रिल नावाच्या ठिकाणी सॉसेज खायला जायचं होतं, अंतर असं अडनिडं की चालायला लांब आणि गाडी काढायला जवळ. त्यातून त्यांनी स्केटची चाकं लावून घडीची स्कूटर बनवली, आणि १९९९-२००० च्या सुमाराला जपान, अमेरिका, युरोप सगळीकडे तिची जी लाट आली तिच्यातली क्लासिक स्कूटर म्हणजे जेमतेम १०० मिलिमीटर व्यासाची, टणक पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची चाकं. झुरिकच्या सरळसोट फुटपाथवर ती मस्तच पळणार. आपल्याकडे ती थेट सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर येऊन पडली, आणि तिथंच सगळी मेख आहे.

चेंबरच्या झाकणाजवळ जाऊन वाकून बघा एकदा. तिथली माती बसलेली असते, दोन-तीन ब्लॉक खचलेले असतात आणि शेजारच्या ब्लॉकची कड एक-दोन सेंटीमीटर वर आलेली असते. चालताना आपल्याला ती जाणवतही नाही. स्कूटरचं चाक मात्र त्या कडेला आपल्या तळाशी भिडत नाही, थोडं पुढे आणि वर भिडतं, आणि तिथून चाकाच्या आसापर्यंत रेघ ओढली तर ती तिरकी असते. जितकी जास्त तिरकी तितकं चाक वर चढवायला जास्त ढकलावं लागतं. हिशोब शाळेतल्या त्रिकोणाचाच आहे. १०० मिलिमीटरचं चाक म्हणजे त्रिज्या ५०, कड २० मिलिमीटरची, तर ती रेघ उभ्यापासून ५३ अंश कललेली येते, आणि पुढच्या चाकावर जेवढं वजन असेल त्याच्या १.३३ पट आडवा जोर लागतो. तीच कड २०० मिलिमीटरच्या चाकाला आली तर कोन ३७ अंश आणि जोर वजनाच्या पाऊणपट. म्हणजे पुढच्या चाकावर समजा १५ किलो भार आहे, तर लहान चाकाला २० किलोचा धक्का पाहिजे आणि मोठ्याला साधारण ११ किलोचा. चाक दुप्पट केलं की लागणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो! आणि कडेची उंची त्रिज्येइतकी झाली तर नुसतं आडवं ढकलून चाक चढतच नाही, कितीही जोर लावा.

आता २० किलोचा हा जोर देणार कोण? पोरगं तर एका पायावर उभं आहे. तो जोर येतो वेगातून, म्हणजे स्कूटर कडेला धडकते, तिचा वेग खाल्ला जातो आणि वरचं पोरगं मात्र आपल्या वेगानं पुढे जात राहतं. १४० सेंटीमीटर उंचीचं मूल स्कूटरवर उभं राहिलं की त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ८५ सेंटीमीटरवर येतो, आणि पुढच्या चाकाचा आस त्याच्यापासून पुढे जेमतेम ४५ सेंटीमीटर. उंच आणि आखूड, उलटायला अगदी सोयीचं. पुढचं चाक एकदम अडलं आणि वेग गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून थोड्या जास्त दरानं कमी झाला की मागचं चाक उचलायला लागतं, पुढचं सांगायला नको. स्कूटरवरून पडलेली पोरं बऱ्याचदा तोंडावर आपटतात ती यामुळे. पोरगं धांदरट आहे म्हणून पडलं असं आपण पटकन म्हणून टाकतो, पण त्यात अर्धा वाटा भूमितीचा असतो.

फटींचंही तसंच. चार सेंटीमीटरच्या फटीत लहान चाक चार मिलिमीटर आत उतरतं, मोठं दोनच. जास्त धोकादायक गोष्ट म्हणजे पावसाच्या पाण्याच्या गटारावरची लोखंडी जाळी. लहान स्कूटरचं चाक २४ मिलिमीटर रुंद असतं, आणि जाळीच्या पट्ट्या चालायच्या दिशेला समांतर असतील, मधे इंचभर फट असेल, तर चाक सरळ आत जाऊन बसतं. मोठी चाकं बहुतेक ३० मिलिमीटरच्या आसपास रुंद येतात, तेवढ्यानंही फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे जाळी नेहमी आडवी ओलांडायची हे पोराला जागेवर नेऊन दाखवणं.

शिवाय हातापायाला मुंग्या येतात ते वेगळंच. ब्लॉकचा सांधा दर २० सेंटीमीटरवर येतो असं धरा आणि वेग ताशी १० किलोमीटर, तर सेकंदाला १४ ठोके बसतात. ते ठोके कमी करायला तीन मार्ग: चाक मोठं घ्या, चाक मऊ घ्या नाहीतर स्प्रिंग लावा. पॉलियुरेथेनचा टणकपणा शोअर ए नावाच्या मोजपट्टीवर सांगतात, चाकावरच बारीक अक्षरात ८२ए, ८५ए, ८८ए असं कोरलेलं असतं, आकडा कमी तितकं चाक मऊ. मऊ चाक पकड चांगली देतं, आवाज कमी करतं आणि लवकर झिजतं, सगळं एकदम मिळत नाही. तरी हे पॉलियुरेथेन म्हणजे वरदानच म्हणायचं, १९७० च्या आधीच्या स्केटबोर्डांना धातूची नाहीतर 'क्ले' म्हणतात त्या टणक मिश्रणाची चाकं असायची, खडा आला की बोर्ड जागच्या जागी थांबायचा. फ्रँक नॅसवर्दी नावाच्या अमेरिकन तरुणानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनची चाकं बाजारात आणली आणि तो खेळच बदलला, आज आपल्या पोरांच्या पायाखाली आहे ते त्याच चाकाचं पुढचं रूप. हवेचे टायर त्याहून मऊ चालतात पण पंक्चर आलं, हवा भरणं आलं, मुलांच्या घडीच्या स्कूटरला ते लफडं मी तरी घेणार नाही.

स्प्रिंगवाल्या, म्हणजे 'ड्युअल सस्पेन्शन'वाल्या स्कूटरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. चांगल्या बनावटीत रबराचा ठोकळा किंवा नीट स्प्रिंग असते आणि ती थोडं काम करते. स्वस्तातल्यात ती बहुतेक शोभेचीच असते आणि वर एक सांधा वाढतो, जो काही महिन्यांत कुरकुरायला लागतो. त्या पैशात चाक मोठं मिळत असेल तर डोळे झाकून चाक घ्या.

म्हणजे सरसकट २०० चं चाक घ्यायचं का, तर नाही. पोडियम गुळगुळीत काँक्रीटचं असेल आणि पोरगं तिथंच गोल गोल फिरणार असेल तर १२५ ते १४५ चं चाक भरपूर झालं, स्कूटर हलकी राहते, घडी आटोपशीर होते, रिक्षात पायाशी मावते. हे वजनाचं प्रकरण लोक फार हलक्यात घेतात, पण १०० मिलिमीटरची स्कूटर तीन किलोच्या आत असते आणि २०० ची चार-पाच किलोपर्यंत जाते, आणि बागेतून परत येताना दमलेलं पोरगं ती तुमच्याच हातात देणार आहे. पेव्हर ब्लॉक, डांबरी रस्ता, शाळेपर्यंतचा फुटपाथ असं मिश्र असेल तर मात्र १८० च्या खाली जाऊ नका.

दुसरी गोष्ट, जी जवळपास कुणीच बघत नाही, ती म्हणजे पाय ठेवायची फळी जमिनीपासून किती उंच आहे. एक पाय फळीवर, दुसरा जमिनीवर, आणि ढकलणारा पाय जमिनीला टेकवायचा तर उभ्या पायाचा गुडघा दर वेळी वाकवावा लागतो. फळी जितकी उंच तितकी ही अर्धी उठबस मोठी. ४० किलोचं मूल, फळी चार सेंटीमीटरनं जास्त उंच, तर अंग तेवढं खाली-वर करण्यात दर किकला साधारण १६ ज्यूल जास्त जातात, जे स्कूटर पुढे न्यायच्या काही कामाचे नसतात, आणि हे शेकडो वेळा. मांडी भरून येते ती याच पायाची. पोरं कायम एकाच पायानं ढकलतात, त्यांना पाय बदलायची सवय लावा, आधी वेडंवाकडं जाईल मग जमतं. आणि हो, फळी अगदीच जमिनीला टेकलेलीही नको, नाहीतर आपल्याकडचे ते हौशी स्पीडब्रेकर आहेतच, दोन्ही चाकं दोन्ही बाजूंना आणि फळीचं पोट मधे घासतंय.

हँडलच्या उंचीला आपल्याकडचा कपड्यांचा नियम थोडासा चालतो, वाढत्या अंगाचं घ्या, पण कपड्यासारखं आज ढगळ नको. आज मुलाच्या बेंबीपासून छातीपर्यंतच्या मधे कुठंतरी हँडल यायला हवं आणि वर अजून दोन-तीन भोकं शिल्लक पाहिजेत. या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतात आणि वयात येताना त्याहून भराभर, तेव्हा १५ सेंटीमीटर वाव असेल तर अडीच-तीन वर्षं निघतात. हँडल फार खाली असलं की मूल पुढे झुकतं, आणि पुढे झुकलं की वर सांगितलेले ते ४५ सेंटीमीटर अजून कमी होतात. फार वर असलं की कोपरं उचलली जातात, हातात जोर राहत नाही. हँडलच्या दोन्ही टोकांना जाड रबर शाबूत आहे ना बघा. ते फाटलं की आतली उघडी नळी राहते, आणि पडताना ती पोटात घुसली तर दुखापत बाहेरून दिसते त्यापेक्षा आत जास्त असू शकते.

आता घडी. या विषयावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण या स्कूटरचा सगळ्यात सोयीचा भाग तोच आणि सगळ्यात नाजूकही तोच. बिजागरी असते खाली, फळीच्या पुढच्या टोकाला, आणि हँडल असतं वर ९० सेंटीमीटरवर. म्हणजे ही लांबलचक पहारच झाली. मुलानं हँडल नुसतं १० किलोच्या जोरानं पुढे ढकललं, जे धक्का बसला की सहज होतं, तर खाली बिजागरीपासून साडेतीन सेंटीमीटरवर जी खीळ असते तिच्यावर अडीचशे किलोच्या वर जोर येतो. अडीचशे! आणि तो एकदा येऊन थांबत नाही, ब्लॉकच्या प्रत्येक सांध्याला लहान-मोठा हिसका बसतच असतो. त्यामुळे खीळ आणि तिची खाच दोन्ही हळूहळू झिजतात, आणि ती झीज वर मोठी होऊन दिसते. खिळीपाशी अर्धा मिलिमीटर फट पडली की हँडलला एक सेंटीमीटरहून जास्त हलायला वाव मिळतो.

हे दुकानात दोन मिनिटांत तपासता येतं. स्कूटर उघडा, खीळ पूर्ण बसू द्या, पुढचं चाक आपल्या दोन्ही पायांमधे घट्ट धरा, एक हात फळीवर दाबून ठेवा आणि दुसऱ्या हातानं हँडल जोरात पुढे-मागे हलवा. डोळे बिजागरीवर ठेवा आणि कान उघडे. नव्या कोऱ्या स्कूटरमधून 'टक टक' असा आवाज आला, किंवा बोटाला सांधा सरकल्याचं जाणवलं, तर तिला नमस्कार करून पुढच्या स्कूटरकडे वळा, कारण ही झीज पुढे वाढतच जाते, आपोआप कमी होत नाही. काही स्कूटरमध्ये खिळीशिवाय वर आवळायची वेगळी क्लिप असते आणि तिचा स्क्रू घट्ट करता येतो, म्हणजे झीज झाली तरी ती भरून काढता येते. असली बनावट मिळाली तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. टी आकाराच्या हँडलचे दोन्ही दांडे निघणारे असतील तर आत रबरी दोरी असते आणि बाहेर बटणं, ती बटणं भोकातून पूर्ण बाहेर आली पाहिजेत. अर्धवट आलेलं बटण पोराला कळत नाही, आपण बघायचं.

पोरगं मोठं आहे तर घडी त्यालाच घालता-उघडता आली पाहिजे, दुकानात त्याच्याकडूनच करून घ्या. पण घडी घालताना बोटं कुठं जातात ते बघा. मिटताना कात्रीसारखी बंद होणारी फट असेल आणि तिथं नेमकी धरायची जागा असेल, तर ते डिझाइनच चुकलंय.

'एअरक्राफ्ट ग्रेड अ‍ॅल्युमिनियम' म्हणजे बहुतेक वेळा ६०६१ नावाचा मिश्रधातू, त्यात थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन. विमानातही वापरतात हे खरं, पण सायकलीपासून शिडीपर्यंत अनेक ठिकाणी तोच असतो त्यामुळे भारावून जायचं कारण नाही. खरी गंमत त्याच्या पुढे जे टी६ लिहितात त्यात आहे. हा धातू साधारण ५३० अंशांपर्यंत तापवतात, मग झटकन पाण्यात थंड करतात, आणि मग पुन्हा १६०-१७५ अंशांना काही तास ठेवतात. त्या शेवटच्या तासांत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर तयार होतात आणि धातूचे थर एकमेकांवरून सरकायला अडवतात. नरम ६०६१ कायमचं वाकायला सुरुवात होते ५५ मेगापास्कलच्या (धातूवरचा ताण मोजायचं एकक) आसपास, टी६ झालेलं २७५ च्या आसपास. धातू तोच, ताकद पाचपट, फक्त भट्टीतल्या वेळापत्रकामुळे.

पण वेल्डिंग केलं की सांध्याच्या बाजूला ही कमावलेली ताकद पुन्हा बरीच उतरते, कारण तिथं धातू नको तितका तापतो. शिवाय पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखालचे हिसके कितीही वेळा बसले तरी ते सहन करतं, अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादाच नाही, लहान हिसक्यांचीही त्याच्याकडे नोंद होत जाते. त्यामुळे तडा जायचा तर तो वेल्डच्या कडेलाच केसासारखा सुरू होतो. महिन्यातून एकदा फडक्यानं पुसून हँडलचा दांडा जिथं खाली जोडलाय ती जागा उजेडात बघा. पोलादाची स्कूटर वाईट असते असंही नाही, जड असते आणि पावसात गंजते एवढंच.

'१०० किलोपर्यंत भार' हे वाचून बाबालोक खूश होतात की चला आपल्यालाही चालवता येईल. तो आकडा नीट उभं राहून चालवण्यासाठीचा असतो. ४० किलोचं पोरगं पायरीवरून, समजा ३० सेंटीमीटर उंचीवरून, स्कूटरसकट उडी मारून ताठ पायानं उतरलं आणि सगळा धक्का दोन सेंटीमीटरमध्ये जिरला, तर सरासरी जोर सहाशे किलोच्या घरात जातो. गुडघे वाकवून २० सेंटीमीटरमध्ये जिरवला तर शंभर किलोच्या आसपास. उड्या मारायच्या स्टंट स्कूटर वेगळ्या येतात, त्यांना घडी नसते, आणि ती का नसते हे आता सांगायला नको. पोराला उड्यांचाच नाद असेल तर घडीची घेऊच नका.

बेअरिंगवर दोन ओळी, कारण 'एबीईसी-९' बघून लोक हजार रुपये जास्त देतात. चाकात असतं ते ६०८ नंबरचं बेअरिंग, आत ८ मिलिमीटर, बाहेर २२, रुंदी ७. एबीईसीचा १, ३, ५, ७, ९ हा आकडा सांगतो की ते किती काटेकोर मापात बनवलंय, मायक्रॉनमधला हिशोब, जो फार वेगानं फिरणाऱ्या मशीनला लागतो. पोलाद कुठलं, ग्रीस कुठलं, बाजूचा दणका सोसेल का, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. आणि फिरण्याचं म्हणाल तर ताशी १५ किलोमीटरला १०० चं चाक मिनिटाला आठशे फेरे घेतं, जेव्हा साधं ६०८ वीस-तीस हजार फेऱ्यांसाठी बनलेलं असतं. दुकानदार चाक बोटानं गरकन फिरवून दाखवतो, "बघा मॅडम किती वेळ फिरतंय", तर ते बिनओझ्याचं फिरणं आहे, पातळ तेल घातलं की कुठलंही फिरतं. त्यापेक्षा बेअरिंगला रबरी झाकण आहे का विचारा, धूळ आणि पावसाचं पाणी बाहेर ठेवणारं. लुकलुकणाऱ्या चाकांचं मात्र पोरांना आवर्जून समजावा, आत बॅटरी नसते, आसावर चुंबक आणि चाकात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, फिरलं की वीज तयार होते. सायकलचा जुना डायनॅमो तोच. संध्याकाळी गाड्यांना पोरगं दिसतं हा फायदा खराच आहे.

आता ब्रेक, आणि इथं मला सोसायटीतल्या सगळ्या आईबाबांशी बोलायचंय. बहुतेक स्कूटरना मागच्या मडगार्डवर पाय दाबायचा ब्रेक असतो. तो एका अर्थानं हुशार आहे, कारण दाबायला मुलाला वजन मागे घ्यावं लागतं आणि उलटायचा धोका कमी होतो. पण मागच्या चाकाच्या ब्रेकची मुळातच मर्यादा आहे, वेग कमी होताना भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं आणि घासत जातं. ओल्या चाकावर तर पत्रा नुसता घसरतो. ताशी १५ चा वेग असेल तर चांगला दाबलेला ब्रेक साधारण चार-साडेचार मीटरमध्ये थांबवेल, निम्म्या जोरानं दाबला तर आठ-नऊ मीटर लागतील, म्हणजे दोन मोटारींची लांबी.

आणि हे झालं सपाटीवर. पार्किंगचा रॅम्प एक मजला, म्हणजे तीनेक मीटर उतरतो. घर्षण सोडून दिलं तर तळाशी वेग ताशी २७ किलोमीटर येतो, घर्षण धरलं तरी विशीच्या वर सहज. तळाशी वळण असतं, अंधार असतो आणि समोरून कुणीतरी गाडी काढत असतं. वॉचमनकाकांच्या भरवशावर राहू नका, रॅम्पवर स्कूटर बंद म्हणजे बंद. आणि परिसरात उतार असतील तर हँडलवर हाताचा ब्रेक असलेलीच घ्या, पायाचाही राहू द्या, दोन ब्रेक कधीही बरे.

हेल्मेट नको म्हणतात पोरं, गरम होतं म्हणतात. आत असतो तो फेस म्हणजे थर्माकोलच, जरा घट्ट. त्याचं काम एकच, डोकं थांबायला थोडी जागा मिळवून देणं. सायकल हेल्मेटच्या युरोपियन चाचणीत, ईएन १०७८ मध्ये, हेल्मेट सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं सपाट लोखंडावर आपटतात, म्हणजे दीड मीटरवरून पडल्यासारखं. तो वेग तीन मिलिमीटरमध्ये थांबला तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या पाचशेपट हिसका बसतो, थर्माकोल दोन सेंटीमीटर चेपला तर पंच्याहत्तरपट. एकदा चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट दिसायला ठीक असलं तरी बदलायचं. कोपर आणि गुडघ्याचे पॅड घाला. मनगटाच्या गार्डचं मात्र स्कूटरवर जरा अडचणीचं असतं, अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानंच म्हटलंय की त्यानं हँडल नीट धरता येत नाही.

दोन चाकांवर पहिले काही दिवस पोरं घाबरतात, तेव्हा आपण सांगतो "वेग घे म्हणजे तोल राहील", आणि कारण विचारलं तर फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम म्हणून मोकळे होतो. एवढ्याशा हलक्या चाकात तो परिणाम नगण्य असतो. खरं म्हणजे ज्या बाजूला कलतोय त्या बाजूला हँडल किंचित वळवलं की चाकं परत आपल्या वजनाखाली येतात, आणि वेग असला की हे चटकन होतं. २०११ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी एक सायकल बनवून दाखवली जिच्यात भोवऱ्याचा परिणाम मुद्दाम काढून टाकला होता, तरी ती माणसाशिवाय ढकलली की आपली आपण तोल सावरत जायची. तेव्हा पोराला सांगायचं ते असं, पडतोयस तिकडं वळव. उलट वाटतं, पण शरीर ते दोन दिवसांत शिकतं.

कागदोपत्री एक गोष्ट बघून घ्या. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. खेळणं म्हणून विकली जाणारी स्कूटर असेल तर तो मार्क आणि त्याखालचा लायसन्स नंबर खोक्यावर शोधा. खेळण्याच्या स्कूटरचे नियम साधारण ५० किलोपर्यंतच्या मुलांसाठी असतात, तेव्हा बारा-तेरा वर्षांचं दणकट पोरगं असेल तर मोठ्यांच्या प्रकारातलीच बघावी लागेल.

सेकंडहँड घ्यायला काहीच हरकत नाही, या वस्तूला नव्याचे नऊ दिवस संपले की ती गॅलरीतच पडून असते, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या बऱ्याच मिळतात. हँडल हलवून बघायची ती परीक्षा तिथं दुप्पट कडक घ्या, वेल्डच्या कडा बघा, आणि मागचं चाक बघा, ब्रेक तिथं असल्यानं तेच आधी चपटं होतं. चाकाला चपटी जागा पडली असेल तर चालवताना 'धप धप' लागतं. पुढची-मागची चाकं एकाच मापाची असतील तर वेळीच अदलाबदल करून वर्ष-सहा महिने अजून काढता येतात, दोन एलन की पुरतात. बेअरिंग खरखरायला लागलं तर त्यात खोबरेल तेल ओतू नका, गंज काढायचा स्प्रेही नको, तो आतलं ग्रीसच धुऊन नेतो. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जाऊन ६०८, रबरी झाकणाचं, एवढंच म्हणा, एका चाकाला दोन लागतात. जुनं काढताना दोन बेअरिंगच्या मधली छोटी नळी टेबलाखाली गडगडत जाते, ती शोधून परत बसवा, तिच्याशिवाय नट आवळला की चाक जाम होतं.